चेटकिणीचे केस माझ्यासारखे का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"मी हौशी लेखिका आहे. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी एक छोटी कादंबरी लिहून पूर्ण केली. नायिकेचे केस काळेभोर, रेशमी, कमरेपर्यंत. तिला जंगलातल्या घरात कोंडून ठेवणाऱ्या चेटकिणीचे केस कुरळे, पिंजारलेले, पक्ष्याच्या घरट्यासारखे. शेवटी नायिका आरशासमोर उभी राहून आपली वेणी कापते आणि दार उघडून बाहेर पडते. हस्तलिखित बारा वर्षांच्या भाचीला वाचायला दिलं. तिचे केस दाट आणि कुरळे आहेत. वाचून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, 'मावशी, चेटकिणीचे केस माझ्यासारखे का?' मी म्हणाले, 'अगं, ती गोष्ट आहे.' तेव्हापासून ती केस घट्ट आवळून बांधते आणि सरळ करून द्या म्हणून मागे लागली आहे. शिवाय एक मैत्रीण म्हणते की केस कापायचा शेवट आता शिळा झाला. मी केसांचं वर्णन काढूनच टाकू का? की चेटकिणीला सरळ केस देऊन मोकळी होऊ? गोष्टीत केसांना एवढं महत्त्व खरंच असतं का?
– एक ओशाळलेली मावशी"

प्रिय मावशी,

(भाची म्हणते म्हणून मीही तेच म्हणते. वयाने बहुधा मीच मोठी निघेन.)

पत्र वरवर हस्तलिखिताबद्दल आहे, पण घाई आहे ती भाचीची. म्हणून आधी तिच्याकडे वळू. हस्तलिखित महिनाभर कपाटात पडलं तर त्याचं काही बिघडत नाही. बारा वर्षांच्या मुलीने स्वतःबद्दल मनाशी बांधलेली समजूत मात्र पडल्या पडल्या घट्ट होत जाते.

'ती गोष्ट आहे' हे उत्तर आपण सगळेच कधी ना कधी देतो. त्याचा मुलांना कळणारा अर्थ असा, की तू वाचलंस ते चुकीचं वाचलंस. तिने तर अगदी बरोबर वाचलं. तुमच्या कादंबरीवर आजवर आलेला हा सर्वांत नेमका अभिप्राय आहे. तेव्हा तिला गाठा आणि सांगा, "तू बरोबर पकडलंस. मी विचार न करता लिहिलं. हाताला जे आलं ते लिहिलं." एवढं बोलून थांबा. 'तुझे केस किती सुंदर आहेत' हे आत्ता त्याच दमात जोडू नका. एरवी ते खरं असेल, पण या क्षणी ते मलमपट्टीसारखं वाटेल. समजूत काढणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं, हे मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळतं. केस सरळ करायचे की नाही, यात तुम्ही पडूच नका. तो तिचा आणि तिच्या आईवडिलांचा विषय आहे. तुमच्या अपराधी भावनेने त्यात मत देऊ नये.

आता तुमचा ओशाळेपणा थोडा कमी करते. मी बरीच वर्षं मुलांच्या पुस्तकांचं संपादन केलं. एकदा एका चित्रकाराने कच्चं रेखाटन आणून दाखवलं. गोष्टीतली दुष्ट बाई. मी म्हटलं, "छान आहे, पण दुष्ट वाटत नाही." त्याने पेन्सिल काढली आणि विचारलं, "केस पिंजारू?" मी म्हटलं, "हो, बघू." मिनिटाभरात बाई दुष्ट झाली. चेहऱ्यावरची एक रेषसुद्धा त्याने बदलली नव्हती. नाक तेच, डोळे तेच. मला तेव्हा त्याच्या हाताचं कौतुक वाटलं. आपण दोघांनी मिळून काय केलं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि तेही तुमच्या भाचीसारखं कुणी विचारलं नसताना.

ही पळवाट जुनी आहे. फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमान यांनी १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी एक चित्रवही केली. ती १८४५ मध्ये छापली गेली. त्यात एक मुलगा चौथऱ्यावर उभा आहे, नखं वाढलेली, केस डोक्याभोवती झुडपासारखे. शेजारी ओळी अशा, की हा केस विंचरू देत नाही, छी! बाकीच्या गोष्टींत मुलं काही ना काही करतात, आगपेटीशी खेळतात, अंगठा चोखतात. या मुलाला गोष्टच नाही. केस हाच त्याचा गुन्हा आणि तेच त्याचं चरित्र. गंमत म्हणजे मुलांना तोच इतका भावला, की पुढच्या आवृत्त्यांत अख्ख्या पुस्तकाला त्याचं नाव मिळालं, 'श्ट्रुवेलपेटर'. मोठ्यांनी धाक म्हणून उभं केलेलं झिपरं पोर मुलांनी आपलंसं केलं. बरोबर शंभर वर्षांनी, १९४५ मध्ये, स्वीडिश लेखिका आस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या पुस्तकातली पिप्पी आली. गाजराच्या रंगाचे केस आणि दोन बाजूंना आडव्या ताठ उभ्या राहिलेल्या दोन वेण्या. ती एकटी राहते. 'केस नीट कर' म्हणणारं घरात कुणी नाही. त्या वेण्या तिने स्वतःच घातलेल्या आहेत, आणि मुलं तिच्यावर जीव टाकतात त्याचं एक कारण हेही असावं.

उलट बाजूचं उदाहरण अस्वलांच्या घरात शिरणाऱ्या पाहुणीचं. रॉबर्ट साऊदी यांनी ही गोष्ट १८३७ मध्ये छापली तेव्हा घरात शिरणारी होती एक वाईट तोंडाची म्हातारी. शेवटी तिची मान मोडली, की ती रानात हरवली, की तिला शिपायाने धरून नेलं, कुणास ठाऊक, असं म्हणून लेखक मोकळा होतो. बारा-तेरा वर्षांत दुसऱ्या एकाने म्हातारीच्या जागी लहान मुलगी घातली आणि तिचं नावच 'रुपेरी केसांची' ठेवलं. पुढे रुप्याचं सोनं झालं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचं 'गोल्डीलॉक्स' हे नाव रुळलं. कृत्य तेच आहे हो! न विचारता घरात शिरणं, दुसऱ्याचं खाणं संपवणं, खुर्ची मोडणं. पण केस सोनेरी झाले आणि वाचकाने सगळं माफ केलं.

तेव्हा केसांना एवढं महत्त्व असतं का, तर असतं. का असतं ते मात्र जरा सावकाश सांगावं लागेल, कारण तुमच्या कादंबरीची दुरुस्ती तिथेच दडली आहे.

एक साधी शारीरिक गोष्ट घ्या. केस कापला तर दुखत नाही, ओढला तर दुखतो. त्वचेबाहेरच्या केसाला संवेदना नसते, मुळाशी असते. आणि कापलेला केस परत येतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या चालीने. मुलांसाठी लिहिणाऱ्याला याहून सोयीचा अवयव मिळणार नाही. रक्त न सांडता काहीतरी मोठं गमावता येतं, आणि ते भरूनही येतं. भरून येताना दिसतंही, म्हणजे किती दिवस लोटले हे तारीख न सांगता सांगता येतं.

दुसरी गोष्ट मुलांच्या बाजूने बघा. लहान मूल पाठमोरं बसलं आहे. हनुवटी खाली, समोर भिंत. मागून हात येतो, कंगवा येतो, भांग पडतो. मानेजवळच्या गुंत्यात दात अडकतात, डोकं मागे खेचलं जातं, 'हलू नकोस' असा आवाज येतो. विंचरणाऱ्याचा चेहरा त्या मुलाला दिसत नाही. पण आज हा हात घाईत आहे, आज रागावलेला आहे, आज दमलेला असूनही सांभाळून चालतो आहे, हे सगळं त्याला कंगव्याच्या ओढीवरून कळतं. रोज हेच. स्वतःच्या शरीराचा हा भाग आपल्या मालकीचा कधी होणार, हा प्रश्न मुलं मोठ्याने विचारत नसतील, पण बाराव्या-तेराव्या वर्षी 'माझी मी विंचरते' असं म्हणून जो कंगवा हिसकावला जातो, तो उगाच नाही.

म्हणून गोष्टीत केस आले की मी हल्ली एकच बघते, ते कुणाच्या हातात आहेत. लांब की आखूड, सरळ की कुरळे, हे नंतर.

मनोऱ्यातल्या रापुंझेलची गोष्ट या नजरेने पुन्हा वाचा. आपण सगळे ती लांब केसांची गोष्ट म्हणून लक्षात ठेवतो. ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये ती छापली. मुलगी बारा वर्षांची होते (तुमच्या भाचीच्या वयाची) आणि चेटकीण तिला दार नसलेल्या, जिना नसलेल्या मनोऱ्यात ठेवते. ते वय मुद्दाम निवडलेलं असो वा नसो, कंगवा हिसकावण्याचंच आहे. पुढे काय होतं? केस तिचे, पण वापर दुसऱ्यांचा. चेटकीण त्यावरून चढते, राजपुत्र त्यावरून चढतो. ज्या मुलीच्या केसांचा जिना झाला आहे, तिला स्वतःला त्यावरून उतरता येत नाही, कारण ते तिच्याच डोक्याला चिकटलेले आहेत. मला लहानपणी हे लक्षातच आलं नव्हतं, आणि कळलं तेव्हा जरा गुदमरल्यासारखं झालं. मग चेटकिणीला संशय येतो. पहिल्या आवृत्तीत तो रापुंझेलच्या एका भाबड्या प्रश्नामुळे येतो, 'माझे कपडे मला घट्ट का होताहेत?' हे मुलांच्या पुस्तकात बरं दिसेना म्हणून पुढे बदललं. नंतरच्या आवृत्त्यांत ती चेटकिणीला विचारते, 'तुला ओढून घेणं राजपुत्रापेक्षा जड का जातं?' यात वजन मोजणारी तिची मान आहे, हेही बघा.

चेटकीण केस कापते, पण फेकून देत नाही. कापलेली वेणी खिडकीच्या आकड्याला बांधते आणि खाली सोडते. राजपुत्र नेहमीच्या भरवशाने चढतो आणि वर त्याला ती भेटते. केसाने गळा कापणं हा आपला वाक्प्रचार इतका जवळपास शब्दशः कुठे घडला असेल, तर तो इथे.

(त्या गोष्टीत केस वीस एल (जुनं युरोपीय माप) खाली पोचतात, म्हणजे जवळजवळ बारा मीटर. महिन्याला एक-सव्वा सेंटिमीटर या हिशेबाने रापुंझेल तेव्हा ऐंशी ते शंभर वर्षांची असायला हवी होती. असो. गोष्ट आहे. हे वाक्य इथे चालतं, भाचीला चाललं नाही.)

याच गोष्टीचं जुनं इटालियन रूप जांबातिस्ता बाझिले यांच्या १६३४ पासून छापल्या गेलेल्या संग्रहात आहे. तिथली मुलगीही मनोऱ्यात आहे, तिचेही केस जिन्यासारखे वापरले जातात. पण ती राक्षसिणीचं जादूचं सामान हुडकते, दोराची शिडी लावते आणि राजपुत्राला घेऊन पळते. एकूण गोष्ट जितकी जुनी तितकी मुलगी कमी सोशिक, असं निदान या बाबतीत तरी दिसतं.

आणि आता माझी सर्वांत आवडती जागा. फिरदौसीने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या 'शाहनामा' या फारसी महाकाव्यात झाल नावाचा वीर आहे. तो जन्मतो तोच पांढऱ्या केसांनी. बाप साम हा मोठा योद्धा, पण लोक हसतील या भीतीने तान्ह्या मुलाला डोंगरावर टाकून येतो. तिथे सीमुर्ग नावाचा अद्भुत पक्षी त्याला आपल्या पिल्लांबरोबर वाढवतो. पुढे बापाला पश्चात्ताप होतो, तो डोंगराखाली येऊन मुलाला परत मागतो. झाल मोठा होतो, आणि काबूलची राजकन्या रूदाबा व तो एकमेकांच्या प्रेमात पडतात. तो तिच्या वाड्याखाली येतो तेव्हा ती गच्चीवरून आपले केस खाली सोडते, म्हणते, धर आणि वर ये. झाल त्या केसांचं चुंबन घेतो, पण धरून चढत नाही. सेवकाकडून दोराचा फास मागवतो, तो कठड्याला टाकतो आणि त्यावरून वर जातो. केसांपायी ज्याला बापाने टाकून दिलं, तो दुसऱ्याच्या केसांना भार देत नाही. फिरदौसी हा संबंध सांगत बसत नाही. मी लावला. पण एकदा लागला की सुटत नाही.

तुमची चेटकीण मला झालची नातलग वाटते, हे जाता जाता.

हाताचं हे सूत्र पुढेही चालतं. १९०८ च्या 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स'मध्ये लाल केसांच्या ॲनला वर्गातला गिल्बर्ट 'गाजर' म्हणतो आणि ती त्याच्या डोक्यात पाटी घालते, हे सगळ्यांना आठवतं. त्याच्या आदलं वाक्य कमी जणांना आठवतं. तो आधी हात लांबवून तिच्या वेणीचं टोक उचलतो. न विचारता. पाटी त्या हाताला आहे, निदान अर्धी तरी. द्रौपदीच्या कथेत तर हात हाच सगळा प्रश्न आहे, तिथे मी वेगळं काय सांगणार.

आता तुमच्या शेवटाकडे येते. मैत्रीण म्हणते तो शिळा आहे. ती चूक नाही. आरसा, कात्री, खाली पडणारे केस, चेहऱ्यावर निश्चय, असा प्रसंग इतक्या कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत येऊन गेला आहे की वाचक कात्री दिसताच पुढचं पान ओळखतो. पण शिळा आहे म्हणून काढून टाका, असं मी म्हणणार नाही. तो शिळा होतो कारण लेखक केस खाली पडले की थांबतो. एका झटक्यात मुलगी मोकळी झाली, संपलं.

१८६८ चं 'लिटल विमेन' बघा. वडील दूर वॉशिंग्टनला आजारी आहेत, आईला तिकडे जायला पैसे हवेत. मुलगी ज्यो बाहेर जाते आणि पंचवीस डॉलर आणून आईसमोर ठेवते. टोपी काढते तेव्हा कळतं की केस विकले. कापतानाचा प्रसंग आपल्याला दाखवलेलाच नाही. तो ती नंतर घरच्यांना सांगते, थट्टेच्या सुरात: न्हाव्याच्या दुकानाच्या काचेत किमती लावलेली केसांची शेपटं दिसली, न्हावी आधी नको म्हणत होता, त्याच्या बायकोने मध्ये पडून सौदा जमवला आणि जाताना एक बट ठेवायला म्हणून हातात दिली. सगळे तिचं कौतुक करतात, ती हसून घेते. मग रात्र होते. बहिणीला, मेगला, अंधारात रडण्याचा आवाज येतो. तिला वाटतं वडिलांसाठी. ज्यो म्हणते, नाही, आत्ता नाही. माझ्या केसांसाठी. दीडशेहून जास्त वर्षं झाली, पण हा प्रसंग शिळा झालेला नाही, कारण लुइझा मे अल्कॉट यांनी कात्री आडबाजूला ठेवली आणि रात्र दाखवली. तिने केलं ते योग्य होतं, त्याचा तिला पश्चात्ताप नाही, आणि तरी ती रडते. चौदा वर्षांच्या वाचकाला या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे कळतं. तुमच्या नायिकेला रात्रच मिळालेली नाही. ती दार उघडते आणि पुस्तक मिटतं.

बरं, कात्री दाखवायचीच असेल तर खरी दाखवा. एका फटक्यात वेणी फक्त पुस्तकात तुटते. खऱ्या दाट वेणीवर साधी कात्री चालवली तर पाती मिटत नाहीत, केस त्यांच्यामधून निसटतात, बटेबटेने कुरतडत जावं लागतं, करकर आवाज कानाच्या अगदी मागे येत राहतो. अंगठा दुखतो. मागचं काही दिसत नाही, म्हणून एक बाजू दोन बोटं लांब राहते. वेणीचा शेवटचा पेड सुटतो तेव्हा हातात एकदम वजन येतं आणि डोकं त्याच क्षणी हलकं होतं. मान उघडी पडते, तिथे गार लागतं. मग प्रश्न उरतो की हातातल्या त्या वस्तूचं करायचं काय? फेकायची कुठे? तुमच्या नायिकेच्या मुठीत ती वेणी आहे आणि बाहेर जंगल आहे. तिथे लिहायला चार पानं तरी आहेत. ती तुम्ही वाचकाला दिली नाहीत.

आणि मुख्य प्रश्न तर तुमच्या पत्रातून सुटलाच आहे. त्या घरात इतके दिवस ती वेणी घालत कोण होतं? नायिका एकटी कोंडलेली आहे, आरसा आहे, चेटकीण आहे. कमरेपर्यंतचे केस रेशमी राहतात ते कुणीतरी रोज विंचरल्याशिवाय नाही. जर चेटकीणच रोज संध्याकाळी तिला पुढ्यात बसवून केस विंचरत असेल, अगदी हळुवार, तर मावशी, तुमच्याकडे एकदम वेगळी कादंबरी आहे. मग वेणी कापणं म्हणजे त्या हाताला नकार देणं, ज्या हाताची सवय झाली आहे आणि कदाचित ओढही. हे मी तुम्हाला लिहून देत नाही, फक्त त्या खोलीत दुसरा कंगवा दिसतो का ते बघा म्हणते.

आता 'वर्णन काढून टाकू की अदलाबदल करू?' हा तुमचा प्रश्न. अदलाबदल करू नका. चेटकिणीला सरळ केस दिले तर उद्या दुसऱ्या कुणाची तरी भाची तोच प्रश्न विचारील. शिवाय पळवाट तीच राहते, फक्त वळण बदलतं. आणि ठिगळही लावू नका. रोआल्ड डाल यांच्या १९८३ च्या 'द विचेस'मध्ये सगळ्या चेटकिणी टकल्या असतात आणि टोप घालतात. प्रकाशकांनी डाल यांच्या पुस्तकांत बरेच बदल केल्याचं २०२३ मध्ये समोर आलं. त्यात इथे एक वाक्य घातलं होतं, की बायका टोप घालण्याची इतरही पुष्कळ कारणं असतात आणि त्यात काही गैर नाही. हेतू चांगला होता. आजारपणात केस गेलेली मुलगी ते पुस्तक वाचत असू शकते, हे कुणाच्या तरी लक्षात आलं हे बरंच झालं. पण ते वाक्य गोष्टीतून बोलत नाही, सूचनाफलकावरून बोलतं. मूल ते ओलांडून पुढे जातं आणि चित्र मनात तेच राहतं. तुमचं पुस्तक अजून छापलेलं नाही. तुम्हाला ठिगळाची गरज नाही, कापडच नवं विणता येईल.

विणायचं कसं? तुमचे तीन शब्द समोर ठेवा: कुरळे, पिंजारलेले, घरट्यासारखे. आपण ते एका दमात बोलतो, जणू एकच गोष्ट आहे. कुरळे हा आकार आहे, जन्मतः आलेला. पिंजारलेले ही अवस्था आहे, वाऱ्याने, झोपेने, धावण्याने आलेली, आणि ती सरळ केसांचीही होते. घरट्यासारखे हे मत आहे. पण कुणाचं? तुमच्या कादंबरीत ते निवेदकाचं आहे, म्हणजे जणू जगाचं. तेच वाक्य घाबरलेल्या नायिकेच्या तोंडी आलं असतं तर वाचकाला कळलं असतं की हे भीतीचं बोलणं आहे, आणि पुढे ते बदलूही शकलं असतं. तेव्हा पहिला शब्द चेटकिणीच्या दुष्टपणापासून तोडा. दुसरा ठेवायचा तर कारण द्या. तिसरा कुणाच्या तरी डोळ्यांत ठेवा, हवेत सोडू नका.

कुणाच्या तोंडी, याने किती फरक पडतो त्याचं एक खरं उदाहरण सांगते. कॅरोलिव्हिया हेरन यांचं 'नॅपी हेअर' हे चित्रपुस्तक १९९७ मध्ये आलं. एका कृष्णवर्णीय मुलीच्या घट्ट कुरळ्या केसांचं, घरच्या मंडळींनी गाण्यासारखं एकामागून एक केलेलं कौतुक. १९९८ मध्ये ब्रुकलिनमधल्या एका गोऱ्या शिक्षिकेने ते तिसरीच्या वर्गात वाचलं. मुलांना आवडलं. पण काही पालकांच्या हाती नुसत्या पानांच्या छायाप्रती पडल्या, आणि 'नॅपी' (घट्ट कुरळे) या ज्या शब्दाने पिढ्यान्‌पिढ्या हिणवलं गेलं तो वर्गात कसा, म्हणून मोठा गदारोळ झाला. शेवटी शिक्षिकेला ती शाळा सोडावी लागली. पुस्तकात तोच शब्द काकाच्या तोंडी लाडाचा होता. पालकांना तो कागदावर एकटा, काकाशिवाय भेटला. मला दोन्ही बाजू समजतात, आणि दोघांनाही कुणी चहाडखोर किंवा अडाणी म्हटलं तर मला राग येईल. त्या मानाने अलीकडचं 'हेअर लव्ह' सोपं आहे. २०१९ चा हा लघुपट, त्याला पुढच्या वर्षी ऑस्कर मिळालं. बाप पहिल्यांदाच लेकीचे केस विंचरायला बसतो आणि केस त्याला दाद देत नाहीत. पुन्हा हातच, फक्त या वेळी शिकणारा.

नायिकेचं वर्णनही तपासा, ते यातून सुटत नाही. 'काळेभोर, रेशमी, कमरेपर्यंत' यातून ती चांगली आहे यापलीकडे मला काही कळलं नाही. विशेषणं झाका आणि केसांना क्रियापदं द्या. ते कशात अडकतात? ती घाबरली की शेंडा तोंडात धरते का? ओले झाले की किती वेळ वाळत नाहीत? ज्या जागी काहीच घडत नाही, तिथे वर्णन खुशाल काढा. सगळीकडून काढू नका. बिनकेसांच्या नायिकेपाशीही वाचक आपल्या सवयीचेच केस नेऊन लावतो, आणि ती सवय कशी असते ते आपण पाहिलंच.

एक सूचना मात्र आग्रहाने करते. भाचीला खूश करायला तुमच्या नायिकेला तिचे केस देऊ नका, निदान तिला न विचारता नाही. तेही वेणीचं टोक न विचारता उचलण्यातलंच आहे. शिवाय तिला नायिका व्हायचं होतं असं तिने कुठे म्हटलं आहे? तिने चेटकिणीबद्दल विचारलं होतं.

दुरुस्ती झाली की 'बघ, तुझ्यासाठी बदललं' म्हणून पान तिच्या पुढ्यात धरू नका. अख्खं हस्तलिखित ठेवा आणि दुसऱ्या खोलीत जा. ती वाचील किंवा नाही वाचणार. वाचून तिने पुन्हा काही विचारलं, तर उत्तर द्यायची घाई न करता आधी तो प्रश्न जसाच्या तसा मला लिहून पाठवा.